आधी मामी, मग बोट

ती. संपतमामांना,
मोनालीचा नमस्कार.

उसाच्या पाचटानं तुमचं बोट कापलं, तवा तुम्ही दोन जीपा भरून माणसं घेऊन आमच्या दौंडच्या दवाखान्यात आलात. "सख्खी भाची नर्स हाय, आन् मला बाकड्यावर बसवती!" म्हणून वरडलात. पण मामा, आमच्या दवाखान्यात वरडणारा मागं आन् गप्प बसलेला आधी. गप्प एकटी मामी होती. तुमची टोपी मांडीवर घेऊन घामानं डबडबलेली. "मला काय धाड भरलीय? आधी ह्यांचं बघ," म्हणाली. ईसीजी काढला, तर हार्ट अटॅक!

तरी तुम्ही गावभर सांगता, भाचीनं मान ठेवला न्हाई. हे पत्र टाकत न्हाई; टाकलं तर पुन्हा दोन जीपा भरून याल.

आज मामी तुमच्यावर साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी वरडली. मी लगेच डॉक्टरांना सांगितलं, पेशंट घरी सोडायला हरकत न्हाई.

मान न ठेवणारी,
मोनाली