शिफ्ट म्हणजे पाणी

१२ फेब्रु., बुध.
ह्यांना हॉस्पिटलातून टेमघरला घरी आणून आठवडा झाला. चालतात, जेवतात, पेपर धरून बसतात. शब्द मात्र एकच उरलाय. शिफ्ट. पाणी हवं, तरी शिफ्ट. पंखा लाव, तरी शिफ्ट. डॉ. म्हणाले, मेंदूच्या झटक्यात असं होतं. आत सगळं कळतं, तोंडाशी येताना शब्द बदलतो. सगळं आयुष्य लूमच्या कारखान्यात गेलं, दुसरा कुठला शब्द उरणार!

१४, शुक्र.
शिवी मात्र स्पष्ट येते. मांजरीने दूध सांडलं तर अशी खणखणीत हासडली की मी आणि लेक प्रणाली पोट धरून हसलो. तेही हसले. २३ला रविवारी पडघ्याहून माणसं येणार प्रणालीला बघायला. मुलगा ती कामाला जाते त्याच गोडाऊनमधला. दोघांचं आधीच जुळलंय, आम्हाला पत्ता नाही असं समजतात.
वन्संचा फोन. "त्याला आतच बसव गो. कायतरी भलतंच बोलंल."
प्रणाली म्हणाली, "बाबा बाहेरच बसतील."
वन्संचा राग आला. बरोबरही वाटलं. काय करावं...

१७, सोम.
अन्वरभाई भेटायला आले. ह्यांच्या शेजारच्या लूमवर असायचे. हे शिफ्ट शिफ्ट करत राहिले, भाईंचे डोळे भरले. बोलणार काय? सवयीनेच त्यांनी हात वर करून काहीतरी खूण केली. आणि ह्यांचा डावा हात उठला!
कारखान्यात मशीनच्या आवाजात कानाला काही ऐकू येत नाही, सगळं बोलणं हातानेच. दोन बोटं फाकवली की धागा तुटला. डोक्यावर पंजा, म्हणजे सेठ आला. दोघं चहा गार होईपर्यंत गप्पा मारत होते, घरात आवाज शून्य. मी बिस्किटांची बशी घेऊन दारात तशीच उभी.
"भाभी, ये तो पहिल्यासारखाच बडबड करतोय!"
इतकी वर्षं संसार केला, मला एक खूण माहीत नव्हती. घरी कधी लागलीच नाही.

२०, गुरु.
शिकतेय. प्रणालीही. अन्वरभाई व्हिडिओ कॉलवर दाखवतात. आज मी खुणेने चहा हवा का विचारलं, ह्यांना कळलं 'मशीन बंद कर'. उठून माझी सिरियल बंद केली. ऐन त्यातल्या लग्नाच्या वेळी!
बोलायला शिकवणाऱ्या ताई खूश. "हेच चालू ठेवा. शब्द येतील का, कधी, ते मी सांगू शकत नाही." खरं बोलल्या. बरं वाटलं.

२३, रवि.
आले. आई, वडील, मुलगा. हे बाहेरच बसले, इस्त्रीचा शर्ट. पोहे झाले. मुलाच्या वडिलांनी सरळ विचारलं, "मग, आमचा मुलगा पसंत आहे का?"
"शिफ्ट," हे म्हणाले.
मुलाच्या आईने माझ्याकडे बघितलं. मग ह्यांचा तळहात हवेत सावकाश इकडून तिकडे गेला.
प्रणाली म्हणाली, "लूम छान चाललाय, असं म्हणतायत बाबा."
मुलाने "मला शिकवा ना" म्हणून हात वर केला आणि नेमका डोक्यावर ठेवला. सेठ आला! हे सवयीने ताठ होऊन बसले, मग जे काही हसले! मुलाची आईसुद्धा डोळे पुसत होती.
जाताना पाहुणे म्हणाले, कळवतो. प्रणालीला विचारलं तर ती म्हणते, "मीही कळवते."

२५, मंगळ.
अजून फोन नाही, अडलंय तिकडून की हिच्याकडून, देव जाणे. पण सकाळपासून ह्यांची एक नवीनच खूण चालू आहे. मुलाचा फोटो दाखवला की कानाची पाळी ओढतात, मग पंजा उघडतात. अन्वरभाईंना विचारलं. "ही कारखान्यातली नाही भाभी. ही त्याने स्वतः बनवली."
प्रणाली म्हणते, म्हणजे मुलगा ऐकणारा आहे. मी म्हणते, कान पिळून घ्या त्याचा. ह्यांनी दोघींना हसून मान हलवली, नाही. परत पाळी, परत पंजा. आम्ही बहिऱ्या असल्यासारखा, हात जरा मोठा करून.