करकपात, रोजगार आणि ॲश्टनचा डाव

२० जानेवारी
मरोळच्या आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या माघी गणपतीत यंदा वादविवाद स्पर्धा. विषय: ‘करकपात केली की रोजगार वाढतो.’ मी बाजूने. विरोधात आमच्याच ऑफिसातला डिस्पॅचवाला ॲश्टन. परीक्षक आमचे मालक, श्यामकांत सर. आणि पुढच्याच महिन्यात सर कंत्राटी माणसांतून काहींना परमनंट करणार आहेत. मी आणि ॲश्टन दोघंही चार वर्षं कंत्राटी. हा योगायोग नव्हे. सरांना माझी अर्थशास्त्राची समज बघायची आहे.
संकल्प: रोज पाचला उठून जीडीपी.

२२ जानेवारी
पाचला उठले. सातला पुन्हा उठले.
एका लेखात म्हटलंय, जीडीपी वाढतो पण नोकऱ्या तेवढ्या वाढत नाहीत. लेखक कोणाचा माणूस आहे ते तपासायला हवं. तोवर मुद्दा वगळला. वगळणं म्हणजे खोटं बोलणं का? दिवसभर टोचत राहिलं.

२४ जानेवारी, दुपारी
ॲश्टनने डब्यातले बोंबील पुढे केले. म्हणाला, खा गं, भांडायला ताकद लागेल. एवढ्या वर्षांत कधी विचारलं नाही. (खोटं नको. दर शुक्रवारी विचारतो. पण आज हसून विचारलं.) माझ्या मुद्द्यांवर डोळा. कागद मांडीखाली दाबून बोंबील खाल्ले.

२७ जानेवारी
ॲश्टन म्हणतो, परमनंटचं विचारायला सरांकडे दोघं एकदम जाऊया. म्हणजे मी तक्रारखोर ठरणार! म्हटलं, ज्याचं त्याने बघावं. तो म्हणाला, तू पण ना, यार. त्या ‘पण ना’त बरंच काही होतं.
घरी बाबा रोजच्यासारखे: परमनंट झालंस काय गो? बाबा वॉचमन, आजोबा गिरणीत. घरात कॉलेज बघितलेली मीच, त्यामुळे पॉलिसी मलाच समजवावी लागते. सांगितलं, करकपात झाली की आपोआप होईल. बाबा म्हणाले, मगे तेंका लवकर करूक सांग.

१ फेब्रुवारी
बजेट! बारा लाखांपर्यंत इन्कम टॅक्स नाही. माझी बाजू जिंकल्यात जमा. माझा टॅक्स आता शून्य. आधीही शून्यच होता, पण तो वेगळा शून्य.
ॲश्टन म्हणाला, ज्याचा पगारच तिथवर पोचत नाही त्याला काय मिळालं? पोरगा खचलाय.

३ फेब्रुवारी
अखेर डाव टाकलाच त्याने. माईकवर, सगळ्या इस्टेटसमोर: कर कमी झाले, नफा वाढला, पण आमची अपूर्वा बघा. सगळं बिलिंग एकटी सांभाळते, तरी अजून कंत्राटी. हिला कायम करा, मग म्हणा रोजगार वाढला!
सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मला बिचारी करून मार्क खायचे! माईक हिसकावला. म्हटलं, कंत्राटी आहे हे माझं भाग्य! कायम झाला की माणूस सुस्तावतो. मालकांना मोकळं सोडा, अर्थव्यवस्था धावेल!
सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. पहिला नंबर. बाबांना फोन केला. म्हटलं, झालंच समजा.

६ फेब्रुवारी
सरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तुमची दोघांचीही नावं परमनंटच्या यादीत घातली होती. पण तुझे विचार ऐकले आणि वाटलं, तुझ्यावर जबरदस्ती नको. ॲश्टन परमनंट. मला अकरा महिन्यांचं नवीन कंत्राट.
सांगणार होते की ते मी फक्त स्पर्धेपुरतं, विषयाच्या बाजूने बोलले. पण मग भाषण खोटं ठरलं असतं आणि बक्षीस परत करावं लागलं असतं. सही केली.
बाहेर ॲश्टन उभा. म्हणाला, वेडी काय गं तू? तुझं नाव पक्कं व्हावं म्हणून तर बोललो मी. डोळे ओले होते त्याचे. इतका अभिनय मी कधी पाहिला नाही.
घरी पोचले तर बाबांनी आख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटून टाकलेले. एक माझ्यासाठी राखून ठेवला होता. त्यांनी स्वतःच्या हाताने भरवला. तोंडात पेढा असल्यामुळे काही सांगता आलं नाही.