धाकट्या महालक्ष्मीची नखं

बोईसर

ती. अक्कांना धाकट्या जावेचा, म्हणजे सुलूचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

भाग्येशने पेटी खाली ठेवली असेल आणि तुमचा हात कडीकडं गेला असेल, तर आधी थांबा. हे पत्र पुरतं वाचून घ्या, पेटी कुठं पळून जात नाही. माझ्या लेकाला चहा द्या (साखर कमी, सूनबाई हल्ली त्याच्या पोटाकडं बघते) आणि त्याला खोदून खोदून काही विचारू नका, त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? नवा स्लॅब पावसात गळला नाही ना? इकडं सगळी माणसं खुशाल आहेत. देवाचं तेवढं विचारू नका, ते पुढं येतंच आहे. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता आणि माझं पुढचं सगळं पोटातच राहतं. कागद 'हं' म्हणत नाही, म्हणून कागदावर लिहितेय.

स्लॅबच्या कामात धक्का लागायला नको म्हणून उन्हाळ्यात तुम्ही महालक्ष्म्यांचे हात माझ्याकडं दिलेत. पितळी मुखवटे ठेवून घेतलेत आणि प्लास्टरचे हात दिलेत, तेही चारचौघींत बजावून, की सुलू, सासूबाईंच्या हौसेचे हात आहेत, ओल लागू देऊ नकोस. अक्का, ओल लागू दिली नाही, देवाशप्पथ. इथं समुद्राच्या हवेनं पापडसुद्धा वाळत नाही, तरी मी पेटी कपाटावर ठेवली, आतले ओल ओढणारे तांदूळ बदलले, जुन्या लुगड्यात हात गुंडाळले. ओलीपासून राखले. माझ्यापासून राखायला हवे होते, ते मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आता जरा मागं जाते. आमची सूनबाई प्रियदर्शिनी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे हे तुम्हाला माहीत आहे. तिथं आत सोडायच्या आधी बायकांची नखं बघतात, रंगाचा ठिपका दिसला तरी परत पाठवतात. त्यामुळं ही पोर सगळी हौस सुट्टीच्या दिवशी भागवते. आदल्या संध्याकाळी नेलपॉलिश लावायचं, दिवसभर मिरवायचं, दुसऱ्या दिवशी कामाच्या आधी पुसायचं. (पुसायचं म्हणून लावायचं, हे मला आधी वेडेपणाचं वाटायचं. मग आठवलं, आपण रांगोळी तरी काय करतो.) तिच्याकडं बिस्किटांचा अख्खा डबा भरून बाटल्या आहेत, आणि निम्म्याअधिक चमकीच्या. बारीक भुकटीची चमकी, मोठ्या टिकल्यांची चमकी, चांदण्यांची, आणि एक अशी की उजेडात फिरवली की कबुतराच्या मानेसारखी रंग बदलते. अक्का, ती कबुतरी बाटली मी पहिल्यांदा बघितली आणि माझ्या हातातली भाजी तशीच राहिली.

तिनं मला सरळ विचारलं होतं, की आई, तुमच्या पन लावू का, कोन बघनार हाय? तेव्हा घरात तिची आई आलेली, एडवणहून, शहाळी घेऊन. विहिणीसमोर मी काय बोलावं? मी म्हटलं, आमच्यात नाही बाई हे असलं. झालं. एवढं तोऱ्यात बोलल्यावर मग मागं कसं यायचं? तिची आई बिचारी स्वतःच्या नखांवरचा गुलाबी रंग पदराखाली घेऊन बसली. मला अजून ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पण ती बाटली काही डोक्यातून जाईना. पोरं कामाला गेली, हेही कारखान्यात गेले, की मी डबा काढायची. नुसतं बघायला हं. मग झाकण उघडून वास घ्यायला. मग डाव्या हाताच्या करंगळीला जरासं. त्यातलं शास्त्र मी सूनबाईचं बघून बघून शिकले होते. नुसती चमकी लावली तर नख रोग पडल्यासारखं दिसतं. आधी खाली गडद रंग हवा, तो कडक वाळू द्यायचा, मग बारीक चमकी, ती ब्रशनं ओढायची नाही, स्पंजच्या तुकड्यानं थापायची, नाहीतर चमकी सगळी कडेला पळते आणि मध्ये टक्कल. मग मोठ्या टिकल्या, आणि शेवटी वरून पाण्यासारखा एक थर, म्हणजे खरखर जाते. घाई केली की बुडबुडे येतात. मी घाई केली. त्यात कणीक मळायची वेळ झाली. रात्रीच्या जेवणात ह्यांनी पोळीतून एक चांदणी काढून ताटाच्या कडेला ठेवली आणि म्हणाले, आज काही सण आहे का? मी म्हटलं, गव्हात आली असेल. (चांदणी! गव्हात! आणि ते 'असेल' म्हणून पुढं जेवले. असा नवरा मिळायला भाग्य लागतं.)

तेव्हा ठरवलं, आपल्या हातावर नको. आणि खरं सांगू का, आपले हात राहिलेत तरी कुठं? भांडी घासून नखं चुलीतल्या काटक्यांसारखी झालीत, उजव्या हाताला रंग लावायचा तर डावा थरथरतो. थर दिसायला हात कसा हवा, तर गोरा, लांब बोटांचा, न हलणारा. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मला खूप लाज वाटतेय हे लिहिताना, पण मी पेटी खाली काढली.

मोठीला हात लावला नाही. तिच्याकडं बघायची छातीच होईना, तिथंही ती मोठी जाऊबाईच वाटली मला. धाकटीचे हात घेतले. खिडकीत मांडले, आधी नमस्कार केला (त्याचा काही उपयोग झाला असेल तर बघा), खाली गडद निळा दिला, त्यावर बारीक चंदेरी थापली, वाळू दिली, त्यावर कबुतरी. अक्का, काय दिसत होती ती! ऊन आलं की दहाही बोटं आभाळ भरल्यासारखी. मी तिथंच बसून राहिले. कुकर किती वेळा ओरडला ते कळलं नाही. इतकं सुंदर माझ्या हातून आजवर काहीच झालं नव्हतं, आणि ते कुणाला दाखवायची सोय नव्हती.

मग भानावर आले आणि पुसायला घेतलं. चमकी लावायला सोपी, निघायला महाकठीण. सूनबाई त्यासाठी रिमूव्हरचा ओला कापूस नखावर ठेवून वरून चंदेरी कागद गुंडाळून बसते. मला कुठला धीर? मी घासायला लागले. चमकी हलेना, पण बोटाचा गुलाबी रंग निघाला. मी आणखी घासलं. महालक्ष्मी मनगटापर्यंत पांढरीफटक. आणि एका नखावरचा माझा निळा गेला, त्याखालचा गुलाबी गेला, तो कापूस लालभडक झाला. लाल, अक्का! मी लावलेल्या बाटल्यांत लाल नव्हताच. मला वाटलं रक्त आलं. मी कापूस टाकला, तिथंच फरशीवर डोकं टेकलं आणि रडायला लागले, आई, चुकले, लेकराबाळांवर नको, जे काय ते माझ्यावर काढ.

अशी मी फरशीवर असताना सूनबाई कामावरून आली. सगळं बघितलं. कापूस उचलला, वास घेतला आणि खुदकन हसली. (ते लाल काय होतं ते शेवटी सांगते, आत्ता सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही.) मला उठवून म्हणाली, आई, नका रडू, लक्षुमी पन बाईमानूसच हाय, ती नाय रागावनार. माझ्या विहिणीची लेक ही. तिच्या आईला मी पदराखाली हात लपवायला लावले, आणि तिनं माझे डोळे पुसले.

मग ह्यांना सांगावं लागलं. हे कारखान्यात पाइपांना रंग देणारे, ह्यांनी हात उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, प्रायमर मारला होतास का? एवढंच! मग स्वतःच बसले. पांढरा, पिवळा, जरा तांबडा असा मिसळून रंग केला. ह्यांच्या मते तो अंगाचा रंग आहे. माझ्या मते धाकटीला कावीळ झाली आहे. रंगाचा दुसरा हात दिला तर आणखी पिवळी झाली. शेवटी सूनबाई म्हणाली राहू द्या, हळद लागल्यासारखी दिसते. तशीच पाठवतेय. मोठी गुलाबी, धाकटी पिवळी. शेजारीशेजारी उभ्या राहिल्या की डोळ्यांत भरणार, ते मला माहीत आहे. तुम्ही मला जे बोलायचं ते बोला, मी मान खाली घालून ऐकेन. फक्त सासूबाईंच्या फोटोसमोर बोलू नका.

भाऊजींना नमस्कार.

तुमची नालायक,
सुलू

ता. क. सणाला आलेल्या बायकांनी विचारलं तर हळदच म्हणा. धाकटीला कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरा आणि पदर जरा पुढं ओढा. माझं नाव भावकीत काढू नका, एवढीच भीक घाला.

आणखी ता. क. आता ते लाल. अक्का, ते रक्त नव्हतं, नेलपॉलिश होतं. जुनं, गुलाबी रंगाच्या खाली दडलेलं, आणि नंतर पुसून बघितलं तर दहाच्या दहा नखांवर. मी लग्न होऊन आले त्या वर्षी तुम्ही म्हणाला होतात, की हात उंदरांनी कुरतडले म्हणून तालुक्याहून रंगवून आणले. मला एकाही बोटावर दाताची खूण सापडली नाही. सासूबाईंना तेव्हा धड दिसत नव्हतं, आणि हात ठेवायच्या माळ्याची किल्ली तुमच्याकडं असायची. मी घरात कुणाला काही बोललेले नाही. सूनबाई बोलणार नाही. तुम्हीही धाकटीचेच रंगवले असतील, तर मोठीला तुम्हीही घाबरलात म्हणायचं! मोठीच्या नखांखाली मी बघितलेलं नाही, तिथं काय आहे ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

शेवटचं ता. क. सूनबाई तो कापूस पिशवीत घालून बोईसरच्या बाजारात दुकानं फिरली आणि तोच लाल जुळवून आणला. धाकटीच्या नखांना आम्ही तोच लावलाय, तुमचाच. उरलेली बाटली पेटीत तांदळाखाली आहे, ती महालक्ष्मीची नाही. मी सणाच्या आदल्या दिवशी येतेय. पुरणाचं मी बघेन, तुम्ही नुसते हात पुढं करा. माझा डावा अजून थरथरतो, पण तुमच्या हातावर उजव्यानंच काम आहे.

आता उघडा पेटी.