भिंतीकडं तोंड केलेले पॅटर्न

तात्या, तुम्ही गेल्याला तीस वर्षं होऊन गेली. तुमच्या हाताखाली फाउंड्रीच्या ज्या पॅटर्नखोलीत, साच्यांच्या लाकडी नमुन्यांमध्ये, मी शिकलो, तिथून निवृत्त होऊनही मला बरीच वर्षं झाली. तरी गेल्या आठवड्यात पुन्हा त्या खोलीत जाऊन बसलो. पुतणी न्यायला आली होती. ती आता आपल्याच फाउंड्रीत संगणकाचं बघते. तिनं एक मदतनीस बसवलाय. माणूस नव्हे, संगणकातलाच. कामगारानं फोनवर विचारायचं, "अमक्या पंपाच्या बॉडीला कुठला पॅटर्न घेऊ?" आणि त्यानं याद्या चाळून उत्तर द्यायचं. याद्या तीन-चार आहेत. कुठल्या यादीत कधी बघायचं हे तो स्वतःच ठरवतो, आणि ठरवतो ते प्रत्येक यादीवर लिहिलेल्या दोन ओळी वाचून. त्या ओळींपलीकडं त्याला खोली म्हणजे काय हे ठाऊक नाही.

झालं असं की त्यानं सांगितलेला पॅटर्न मोल्डिंगवाल्या नव्या कामगारानं काढला, तो वाळूत दाबून साचे उठवले, त्यात लोखंडाचा रस ओतला. एक अख्खी पाळी वाया गेली. पॅटर्न बाद झालेला होता. धाकटे मालक पुतणीला सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, शनिवारपतोर नीट करा, न्हाईतर तुमचा मदतनीस बंद. आमची मानसं बरी." घरी आल्यावर पोरीनं ताटाला हात लावला नाही. दोन वर्षांचं काम होतं तिचं.

मी तिच्या त्या ओळी वाचल्या. एका यादीवर लिहिलेलं, 'पॅटर्नची माहिती देते.' दुसरीवर, 'पॅटर्न शोधते.' आणि तात्या, मला माझी पहिली चिठ्ठी आठवली. सातवी पास झालेला मी, रॅकवर लावायच्या चिठ्ठ्या लिहायला तुम्ही बसवलेलं. मी झोकात लिहिलं, 'पंप बॉडी'. तुम्ही चष्मा कपाळावर सारता आणि म्हणता, "अक्षर मोत्यागत हाय रं. पर पंप बॉडी तीन हायत की हितं. ह्यातली कुठली?" मी म्हटलं, मला माहीत आहे की.  तुम्ही बाहेर माल भरायला थांबलेल्या ट्रकवाल्याला हाक मारलीत. "ओ पावणं, जरा आत या. ही चिठ्ठी वाचा आणि तेवढी वस्तू काढून द्या बघू." बिचाऱ्यानं भलताच पॅटर्न उचलून आणला. मी हसलो, तसे तुम्ही भडकलात. "हसतोस काय? चूक त्येची न्हाय, चिठ्ठीची हाय. त्यात काय हाय ते लिहिलंस, काय न्हाय ते कोन लिवनार? तुझा बा?" त्या दिवसापासून ट्रकवाल्याच्या हातून पास झाल्याशिवाय चिठ्ठी रॅकवर चढली नाही.

मग पुतणीला घेऊन बसलो. एका यादीवर लिहिलं: 'आज ओतायच्या कामाला कुठला पॅटर्न मंजूर आहे, हे इथं मिळेल. पार्ट नंबर लागतो. नुसतं नाव सांगितलं तर आधी नंबर विचार. सापडलं नाही तर तसं सांग, जवळपासचा देऊ नकोस.' दुसरीवर: 'पॅटर्न कुठल्या रॅकवर आहे एवढंच ही सांगते. यात बाद झालेलेही आहेत. मंजुरी आधी पहिल्या यादीत बघ.' ट्रकवाला कुठून आणू? माझ्या मंडळींना, तुम्ही सूनबाई म्हणायचात त्यांनाच, वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्सं डबा भरून दिला, आत काय करतासा ते आज सांगायला लागलासा व्हय?" तरी ऐकून घेतलं, आणि अमक्या कामाला कुठली यादी बघाल असं विचारल्यावर दोनदा चुकीची निवडली. दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. पुतणी म्हणाली, "काका, आम्ही ह्यावर ढीगभर वाचलंय, पण असं कुणी करून घेतलं नव्हतं."

शनिवारी मालकांनी स्वतः फोन हातात घेतला. मुद्दाम अर्धवट विचारलं. मदतनीसानं आधी नंबर मागितला, मग बरोबर पॅटर्न आणि रॅक सांगितला, वर बजावलं की शेजारचे दोन मंजूर यादीत नाहीत, घेऊ नका. मग त्यांनी अजून मंजूरच न झालेल्या पार्टचा नंबर टाकला. उत्तर आलं, 'मंजूर पॅटर्न सापडला नाही, फोरमनला विचारा.' मालकांनी फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे चालू." पोरीनं माझ्याकडं बघितलं, तेव्हा माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचं तेवढं राहिलं.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. बाद पॅटर्न भिंतीकडं तोंड करून ठेवायची रीत तुमची. खोलीतल्या प्रत्येकाला ती डोळ्यांनी ठाऊक, म्हणून कागदावर ती कधी उतरलीच नाही; तुम्ही लिहिली नाहीत, मीही नाही. संगणकाच्या यादीत गेले ते नुसते नंबर. भिंत गेली नाही. मालकांनी विचारलं, "ही न लिवता ठेवायची पद्धत कुनाची?" मी म्हटलं, माझी. गेलेल्या माणसावर कशाला ढकलायचं?

मग त्यांनी दुसरं विचारलं. "आनि हे असं लिवायला कुठं शिकलासा, काका?" चहा आला होता, चार माणसं बघत होती. त्यालाही मी म्हटलं, माझं मीच. हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, म्हणून लिहू शकलो, तात्या. सोमवारी त्यांना तुमच्याविषयी सांगेन असं मनाशी म्हटलं होतं. सोमवार होऊन गेला.