मिठीच्या पाठीवरचं पुरळ

शनिवार, संध्याकाळ

किती दिवस लिहायचं टाळतोय. आज बसलोय, कारण भाचीला दवाखान्यात न्यायला अजून वेळ आहे आणि जीव थाऱ्यावर नाही.

ताई कामावर जाताना म्हणाली होती, "मिठीला घेऊन भटकू नकोस." बोळिंजहून अर्नाळा म्हणजे काय भटकणं? आमच्या बिल्डिंगमध्ये मासे विकायला येणाऱ्या मावशीकडे, तिथल्या कोळीवाड्यात गेलो. मिठी जाळ्यांच्या ढिगावर मनसोक्त लोळली. येताना एक चप्पल कुठेतरी राहिली. आणि दुपारी पाठभर लाल पुरळ.

वाटलं, जाईल. मग पोटावर आलं. ताप नाही, ओठ सुजलेले नाहीत, भेंडी सोडून सगळं खातेय. मग डॉक्टर कशाला? खरं म्हणजे डॉक्टरबाई आधी विचारणार, "कुठे नेली होतीस?" शिवाय ताईच्या ओळखीच्या. पण पुरळ पसरतच होतं. माझी भीती पोरीच्या पाठीपेक्षा मोठी आहे का? केला फोन, सगळं सांगितलं.

"सातला आण. ओठ सुजले किंवा धाप लागली तर थांबू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ. आणि ताईला तूच सांग, मी नाही सांगणार."

ताई आत्ताच आली. तिला पुरळ दाखवलं, अर्नाळा नाही. चहा संपला की सांगतो. ती चप्पल नेमकी कुठे राहिली असेल?

बेल वाजली. ताईने दार उघडलं. मावशीचा आवाज:

"पोरीची चप्पल आमच्या जाळ्यात राह्यली, म्हनून आनली गो. लय लोळली आज."