वेबसाईटवरचं मैदान

डोंबिवली (पूर्व)
१४ मार्च १९९९

ती. दादास,
सरोजचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वहिनीचे गुडघे आता दुखत नाहीत हे वाचून बरं वाटलं. इथे पाणी एक दिवसाआड येतं, बाकी ठीक.

आमच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमचे सध्या बरे दिवस आहेत. कॉलेजात नेट आल्याचं मागे लिहिलं होतं. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या रतन नावाच्या तरुण सरांनी टीमची वेबसाईट काढली. मॅच झाली की ते स्कोअर आणि फोटो टाकतात, आणि जुन्या विद्यार्थ्यांना, शाळांच्या क्रीडाशिक्षकांना इमेलने बातमी पाठवतात. मी आधी हसले. बास्केटबॉल म्हणजे काय साबण आहे जाहिरात करायला, असं त्यांना म्हटलंसुद्धा. पण ठाण्याच्या फायनलला, जिथे एरवी खेळाडूंच्या आया आणि शेंगदाणेवाला एवढेच असतात, तिथे पोरं कठड्यावर चढून बसलेली. आमची जुनी कॅप्टन मालू तुला आठवत असेल, मोठागावच्या खाडीवरची कोळ्यांची मुलगी. ती मस्कतला नर्स आहे. तिने तिकडून एकेका मुलीला नावानिशी शाबासकी पाठवली.

आता संस्थेच्या सेक्रेटरींचं म्हणणं, की याच वेबसाईटवरून बाहेरगावच्या चांगल्या खेळाडू मिळवा. आपल्या हेमाचे बारावीचे पेपर कसे गेले? नुसती चौकशी करतेय, तिला पळवायला बघत नाहीये.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच असू दे.
तुझी,
सरोज

सातारा
२ मे १९९९

चि. सरोजला,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पळवायला बघत नाही म्हणालीस आणि पळवलीस. हेमाने पोवई नाक्यावरच्या सायबर कॅफेत तुमची वेबसाईट पाहिली, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. पुण्याच्या एका कॉलेजाने तिला होस्टेलसकट जागा देऊ केली आहे. होकार या महिनाअखेर कळवायचा आहे, आणि ती नको म्हणते. तुमच्याकडे लाकडी फ्लोअरचं बंदिस्त मैदान आहे, मुलींचं वसतिगृह आहे, हे तिने मला कॅफेत नेऊन दाखवलं. त्या खोक्यापुढे चष्मा घालावा की काढावा तेही मला कळेना, पण फोटो स्पष्ट होता.

सरोज, तू तिथे इतकी वर्षं नोकरी करतेस. नवी शिट्टी घेतलीस तरी तिच्याबद्दल तासभर बोलतेस. लाकडी मैदानाबद्दल मात्र कधी बोलली नाहीस. तेव्हा कोच म्हणून नको, बहीण म्हणून मला खरं काय ते कळव. मुलीच्या तीन वर्षांचा प्रश्न आहे.

वहिनीने तुझ्यासाठी मेतकूट करून ठेवलं आहे. प्रकृतीला जप.
तुझा दादा,
उत्तम

डोंबिवली (पूर्व)
८ मे १९९९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बहीण म्हणून लिहिते. ते मैदान आमचं नाही. आमचं सिमेंटचं आहे, उघड्यावरचं, आणि एका बाजूची रिंग वाकलेली आहे. वसतिगृह नाही. माझ्याकडे कॉम्प्युटर नाही, मी फक्त छापून दिलेले स्कोअर बघत होते. तुझं पत्र आल्यावर रतन सरांकडे जाऊन सगळं पाहिलं. तो फोटो अमेरिकेतल्या कुठल्याशा कॉलेजच्या वेबसाईटवरून उचललेला आहे. रतन सर मान खाली घालून म्हणाले, की सेक्रेटरींनी सांगितलं, पुढेमागे होणारच आहे तर आत्ताच टाका. मी प्राचार्यांना भेटले. त्यांचं म्हणणं, प्रवेश उरकेपर्यंत थांबा.

हेमाला पुण्याला पाठव. ती माझ्यावर चिडेल, चिडू दे.

पण हेमाला आत्या होती म्हणून कळलं. चोपड्याची मंजुळा म्हणून एक मुलगी आहे, तिने हे वाचून जळगावची चालून आलेली जागा सोडली. बाकीच्या मुलीही इमेलवर विचारतायत. त्यांच्या घरी कोण सांगणार? रतन सर माझ्याबरोबर बसायला तयार झालेत. सोमवारी तो फोटो काढून आमच्या मैदानाचा खरा फोटो टाकणार, काय आहे आणि काय नाही ते लिहिणार, आणि सगळ्यांना कळवणार. सेक्रेटरी गप्प बसणार नाहीत. तुझ्या कानावर बाहेरून काही येण्याआधी मीच सांगून ठेवते.

तुझा हात पाठीवर राहू दे.
तुझी,
सरोज

डोंबिवली (पूर्व)
४ जुलै १९९९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हेमा होस्टेलवर रुळली हे वाचलं. मला तिचं एकही पत्र नाही, पण असो.

इथलं सांगते. बहुतेक मुलींनी इमेलला उत्तरच दिलं नाही. दोघींच्या वडिलांनी आभार मानले आणि दुसरीकडे प्रवेश घेतला. सेक्रेटरींनी मला बोलावून सांगितलं, की हे वर्ष बघू, टीम उभी राहिली नाही तर मुलींचा बास्केटबॉल बंद. वेबसाईटही बंद करायला लावली. रतन सरांनी ती नेटवरच दुसरीकडे फुकट जागा मिळते तिथे हलवली.

मंजुळाचं सगळ्यात वाईट झालं. जळगावची जागा गेलेली, म्हणून ती वडिलांबरोबर तशीच आली. कल्याणला मी उतरवून घेतलं. वडील गरीब स्वभावाचे, एक शब्द वाकडा बोलले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. पंधरा दिवस ती माझ्याकडे राहिली. पण माझी एक खोली, त्यात सासूबाई आजारी.

आणि मग मालूचा मस्कतहून इमेल आला. तिने वेबसाईटवर वसतिगृह नाही हे वाचलं होतं. तिने लिहिलं, मोठागावला आई एकटीच असते, दोन मुली आरामात राहतील. मी मंजुळाला घेऊन गेले. मालूची आई दगडाबाई जाळं नीट करत बसल्या होत्या. त्यांनी मंजुळाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, की पोर उंच आहे, दार ठेंगणं आहे, तेवढं डोकं सांभाळून ये. मंजुळा मासे खात नाही म्हटल्यावर त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, की भाकरी तर खाशील ना.

टीम उभी आहे दादा. जेमतेम, पण आहे.

आठवण ठेव, आणि पोरीला म्हणावं दोन ओळी लिही.
तुझी,
सरोज

पुणे
२३ जानेवारी २०००

ती. आत्यास,
हेमाचा सा. न. वि. वि.

इतके महिने मी पत्र पाठवलं नाही कारण रागावले होते. वेबसाईट खोटी होती म्हणून नाही, तू मला नको म्हणालीस म्हणून. माझी आत्या कोच आणि तिने मला दुसऱ्याच्या दारात पाठवलं, असं वाटायचं.

मागच्या रविवारी ठाण्याच्या स्पर्धेत आमची टीम तुमच्याशी खेळली, तेव्हा मी बाकावर होते. पूर्ण वेळ. इथे होस्टेल चांगलं आहे, मैदानाला दिवे आहेत, पण माझ्या जागेवर खेळणाऱ्या चौघी आहेत आणि मला अजून एकाही मॅचमध्ये उतरवलेलं नाही. हे मी घरी सांगितलं नव्हतं. आम्ही जिंकलो, तरी मी मंजुळाकडेच बघत होते. तिला तू एकदाही बाहेर काढलं नाहीस. दगडाबाई आमच्या मागेच बसून तिला ओरडून काहीतरी सांगत होत्या, आमच्या मुलींना वाटलं भांडण लागलंय.

मॅचनंतर मी मंजुळाला विचारलं, फसवलं गेल्यासारखं वाटत नाही का. ती म्हणाली, आले तेव्हा रोज रडायचे. पण बाई सकाळी स्वतः मैदान झाडतात, ते बघितल्यावर माझं रडणं थांबलं. मग तिने मला तिचे गुडघे दाखवले. सिमेंटने सोललेले.

तू बसकडे सोडायला आलीस तेव्हा हे बोलायचं होतं, पण सगळ्या मुली होत्या. आत्या, जूनमध्ये मला तुमच्याकडे यायचंय. तुमच्याकडे काय काय नाही, ते सगळं मला माहीत आहे. बाबांना काल फोनवर सांगितलं. ते म्हणाले, आत्याला विचार, आणि या वेळी कोच म्हणून विचार.

म्हणून विचारते. खेळायला घ्याल का?

तुझ्या मायेतली,
हेमा