मक्याच्या सापाची पाच पिल्लं

होनाकातेपेक, ६ सप्टेंबर १९८७

चि. कासिल्दास,
अ. आ. आणि तुझ्या दोन महिन्यांच्या भाचीकडून एक ओला मुका.

तू क्वेर्नावाकाला पोहोचलीस, खोली मिळाली, शाळेत शिकवायलाही लागलीस, हे सगळं बसच्या ड्रायव्हरकडून कळलं. पत्रातून कळलं असतं तर तुझी पदवी काही कमी झाली नसती.

आपल्या कणगीतली ती सापीण मेलितोनकाकांच्या कुदळीखाली गेली, तेव्हा तिची अंडी बाबांनी भुशात घालून ठेवली होती. परवा ती फुटली. पाच पिल्लं आहेत, पेन्सिलीएवढी, अंगावर पिवळ्यात काळे ठिपके. बुटांच्या खोक्यात ठेवली आहेत आणि ते खोकं ग्वादालूपे मातेच्या तसबिरीखाली, तुझ्या पदवीच्या चौकटीला टेकवून. बाबा म्हणतात, घरातल्या एकुलत्या शिकलेल्या माणसाची सावली पडू दे त्यांच्यावर.

पण ती खात नाहीत. उंदराची गुलाबी पिल्लं समोर ठेवली की मान फिरवून झोपतात. बाबा खोकं मांडीवर घेऊन तासन्‌तास बसतात. अकरा वर्षं तिने आपला मका राखला, आणि बांध साफ करायला मेलितोनला मीच बोलावलं, एवढंच पुन्हा पुन्हा बोलतात. ही पिल्लं गेली तर ते स्वतःला माफ करायचे नाहीत. काय करू ते लगेच कळव.

तुझी,
दोमी

क्वेर्नावाका, १० सप्टेंबर

ती. दोमीताईस,
सा. न. आणि उशिराबद्दल कान पकडते.

बाबांना सांग, घाबरू नका. पहिली कात टाकेपर्यंत पिल्लं खातच नाहीत, पोटात अंड्यातली शिदोरी असते. अंधार हवा, ऊब हवी, आणि सतत कुणी टक लावून बघायला नको. कात टाकल्यावर उंदराचं पिल्लू एखाद्या सरड्यावर घासून द्या. जन्मतः त्यांना सरड्याच्याच वासाने भूक लागते.

आणि ताई, हा साप झोपलेल्या बाळंतिणीचं दूध पितो, आणि बाळ रडू नये म्हणून त्याच्या तोंडात शेपटी देतो, ही गोष्ट निदान आपल्या घरात तरी आता संपू दे. त्याचं तोंड चोखण्यासाठी बनलेलंच नाही. मी एवढं शिकले आणि घरच्यांनाच पटवू शकले नाही, तर शाळेतल्या मुलांना कोणत्या तोंडाने शिकवू?

काल स्वप्नात आपलं शेत दिसलं. मक्याची ताटं हलत होती, पण वारा नव्हता. खाली मातीतून काहीतरी पिवळं वाहत होतं आणि मी अनवाणी त्यात उभी होते. पाय ओले झाले नाहीत. जाग आली तेव्हा बरं वाटत होतं.

माया आहे, ती पत्राच्या उत्तरातून कळू दे.
कासिल्दा

होनाकातेपेक, २३ सप्टेंबर

चि. कासिल्दास,
अ. आ.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. आठ दिवसांपूर्वी त्यांनी काती टाकल्या. कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पाच काती बाबांनी तुझ्या जुन्या वहीत ठेवल्या आहेत. बाबांनी सरडे पकडले, उंदीर घासले, खोकं चुलीजवळ नेलं. काही उपयोग नाही. जीभ बाहेर काढतात, आत घेतात, आणि कोपऱ्यात जाऊन वेटोळं करतात, जणू अजून अंड्यातच आहेत.

काल एक गेलं. बाबांनी शेतात पुरलं. संध्याकाळी शेजारीण चिडवायला आली, की सापांच्या मास्तरीण बाई कधी येणार. उरलेली चार किती दिवस काढतील?

तुझा दुधाबद्दलचा परिच्छेद मी मोठ्याने वाचून दाखवला. सगळे हसले.

दोमी

क्वेर्नावाका, २७ सप्टेंबर

ती. दोमीताईस,
सा. न.

सगळे हसले असं तू लिहिलंस. तू हसलीस असं लिहिलं नाहीस. ते वाक्य मी दोन दिवस खिशात घेऊन फिरतेय.

आमच्या जुन्या प्राध्यापिका बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, सापाची भूक जिभेवर असते. जवळपास एखादा उग्र वास असला तर तो समोरचं अन्न ओळखतच नाही. म्हणून खोक्यात, खोक्याखाली, आजूबाजूला काय काय आहे ते लिही. साबण, धूप, औषध, कितीही क्षुल्लक वाटलं तरी.

आणखी एक. गेल्या वेळी मी तुला नुसतं सांगितलं, विचारलं काहीच नाही. वर्गात उभी असल्यासारखी लिहीत होते. आता विचारते. तुला त्यांची भीती वाटते का?

रागावली असलीस तर रागाचं पत्र पाठव, पण पाठव.
कासिल्दा

होनाकातेपेक, ३ ऑक्टोबर

चि. कासिल्दास,
अ. आ. आधी सगळं ऐकून घे, मग काय बोलायचं ते बोल.

खोक्याच्या तळाशी, कापडाखाली, लसूण आणि तंबाखूची पानं होती. मी ठेवली होती. रोज ताजी ठेचायची आणि झाकणालाही आतून चोळायची. साप दूर राहावा म्हणून बाळंतिणीच्या घरात असंच करतात. चुन्याच्या भट्टीवर काम केल्यापासून बाबांना वास येत नाही, त्यांना कसं कळणार? महिन्याभरापासून माझं दूध आटत चाललंय. पोर छातीशी रडते आणि रडून थकून झोपते. सुईण म्हणाली, घरात ते आलेत ना, मग तेच नेत असणार. तुला लिहायची लाज वाटली. तू शिकलेली.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तू तुझं पिल्लू राखत होतीस.” बस, एवढंच.

नवं खोकं आणलं, हात राखेने धुतले, चार दिवस थांबले. आज दुपारी बाबा शेतात असताना पोरीला छातीशी लावून मी जमिनीवर बसले आणि झाकण काढलं. लसूण नाही, काही नाही. एका पिल्लाने डोकं उचललं. माझ्याकडे जीभ हलवली, हवेतलं काहीतरी वाचल्यासारखी. मग मान वळवली आणि सरड्याचा वास लावलेल्या उंदराकडे गेलं. इकडे पोर एक घोट घ्यायची, तिकडे ते जरासं गिळायचं. घरात दुसरा आवाज नव्हता. किती वेळ गेला ते कळलं नाही, मला वाटलं आम्ही तिघं एकाच झोपेत आहोत.

बाकीच्या तिघांनी अजून खाल्लेलं नाही. उद्या पुन्हा बसेन.

पण कासिल्दा, पोट भरून ते वेटोळं करून झोपलं आणि पोर पुन्हा रडायला लागली. दूध अजून तेवढंच कमी आहे. साप नेत नव्हते तर मग ते जातंय कुठे, हे आता कुणाला तरी विचारायला हवं. सोमवारी दवाखाना उघडा असतो. एकटीने जायचं धाडस नाही. पहिल्या बसने ये, आणि तिथे माझ्या वतीने तू बोल.

तुझी,
दोमी